पलीकडची टाकी

समुद्र इथून सव्वाशे किलोमीटर, आंबा घाट उतरून.
माझा मात्र शाहूपुरीत, रिवाइंडिंगच्या टेबलामागं,
चार फूट बाय दीड,
आणि त्याच्या पोटाखाली संप, जिथनं पाणी
गाळून, फेस काढून पुन्हा वर चढतं.
मीठ मी बादलीत कालवतो. काटा हजार पंचवीसवर आला की
मालन म्हणते, "आमटीत एवढं बघून घातलं असतं तर."

प्रवाळ वाढून काचेला टेकलं होतं,
हिरवी बटणं, शेजाऱ्याच्या अंगावर चढणारी.
कापली तरी जगतात ही.
प्रत्येक तुकडा आपली आपली जागा धरतो,
फक्त पहिले पंधरा दिवस उथळ पाणी हवं,
सरळ उजेड, कुणाची दाटी नको.
आणि पाणी जुनंच हवं. नव्यात बिचकतात.

काच मिळाली चप्पल लाइनीत.
बावडेकरांनी शोकेस मोडली, म्हणाले, ने चारशेला.
एका पट्टीवर स्टिकर होता: एकच भाव.
ब्लेडनं खरवडला, निघाला नाही. राहू दिला.
जाळी बँकेच्या छताची, ट्यूबखाली असते ती चौकड्यांची;
दुरुस्तीत उतरवलेली, वॉचमननं चहावर दिली.
दिवा म्हणजे जळका फ्लडलाइट,
आतले निळे एलईडी मी डागले.
हिशेब अकराशेत बसला.
टाकी कुठंच बसेना.

अण्णांच्या वर्कशॉपचे आम्ही दोन केले.
मध्ये साडेचार इंची भिंत. लेथ त्याला, मोटारी मला.
पाच वर्षं फराळाची ताटं जातात-येतात
ती पोरांच्या हातनं.
रिकामा ओटा एकच, बाळगोंडाच्या बाजूला.
संप माझ्या.

पोरीकडं निरोप दिला,
"काकाला म्हणावं, भिंतीला भोक पाडायचंय."
म्हटलं, येत नाही हा.
संध्याकाळी आला, कोअर कटर घेऊन,
वाटणीत त्याच्याकडं गेलेला.
"किती?"
"दीड इंच एक. अर्धा इंच एक."
बोटानं त्यानं महापुराची रेघ शोधली;
दोनदा रंग मारूनही पोपड्याखाली दिसते ती,
त्या साली दोन्हीकडं सारखीच चढलेली.
तिच्यावर चार बोटं सोडून खूण केली.
मग लाल भुगा, बराच वेळ,
आणि पाच रुपयाएवढा पलीकडचा उजेड.

तुकडे मी कापले, हातमोजे घालून, चष्मा लावून.
तो दारातच.
"विषारी हाय?"
"रस डोळ्यात गेला तर डोळाच जातोय."
"आणि तू पाळतोस."
सिमेंटची चकती, फेव्हिक्विकचा थेंब,
तुकडा दाबून तीस आकडे मोजायचे.
सत्ताविसाला तोच म्हणाला, "सोड की आता."
सोडला. चिकटला होता.

एक परीक्षा राहिली.
लाइट गेली की पंप थांबतो, आणि वरचं पाणी
आल्या नळीनं उलटं ओढलं जातं,
संप भरून फरशीवर, फरशीवरनं मोटारींच्या तारांत.
म्हणून त्या नळीला, पाण्याच्या किंचित खाली,
सुईएवढं भोक ठेवतात.
पातळी उतरली की हवा शिरते. ओढ तुटते.
ठेवलं होतं. पण बघायला माणसं दोन लागतात,
एक संपापाशी, एक टाकीपाशी.

मी बटण बंद केलं.
संपात पाणी चढायला लागलं,
खडूच्या खुणेपर्यंत, खुणेवर,
काठाला तीन बोटं, दोन.
"थांबलं का?" मी भोकाला तोंड लावून ओरडलो.
पलीकडं काही नाही.
"बाळू, थांबलं का?"
"थांब की, बघतोय," तो म्हणाला, कानापाशीच,
"एक बुडबुडा आला.
…
आणि एक."